सीट हीटर बंद पडला तर आधी मीटर, मग पाना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी सुमारे 20 वर्षांची. चालकाच्या सीटचा हीटर ‘जास्त’वर ठेवला की पाठ गरम होते, बसायची गादी मात्र गारच राहते. ‘कमी’वर ठेवला तर दोन्ही गार. बटणातला दिवा दोन्ही वेळा लागतो. एका बाजूला रेलून बसलं की कधीकधी गादी थोडा वेळ गरम होते आणि पुन्हा बंद पडते. शेजारची सीट व्यवस्थित चालते. वर्कशॉपमध्ये सांगितलं की पूर्ण सीट बदलावी लागेल. हे घरी दुरुस्त होईल का?

होईल. पण त्याआधी एक गोष्ट करा. दुरुस्ती होईपर्यंत त्या सीटचा हीटर लावू नका. घरात गाडी चालवणारे आणखी कोणी असतील तर फ्यूजच काढून ठेवा, म्हणजे सवयीने कोणाचा हात बटणाकडे गेला तरी काही होणार नाही.

असं का, ते सांगतो. तुम्ही दिलेल्या लक्षणांत ‘रेलून बसलं की गरम होते’ हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. याचा अर्थ तार तुटलेली आहे, पण तिची दोन टोकं अजून शेजारीशेजारी आहेत आणि वजन पडलं की एकमेकांना टेकतात. टेकताना आणि सुटताना तिथे बारीक ठिणगी पडते. टेकलेली असतानाही तो जोड कच्चाच असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त उष्णता नेमकी त्याच जागी तयार होते. आजूबाजूला फोम आणि कापड आहे. अशा वेळी फ्यूज आपल्याला वाचवेल असं अनेकांना वाटतं, पण तो वाचवत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहिला तरच फ्यूज उडतो. इथे करंट नेहमीइतकाच किंवा त्याहून कमी असतो, फक्त त्याची उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत एकवटते. सीटच्या कापडावर करपलेला ठिपका पडतो तो असाच. गरम न होणाऱ्या सीटने फक्त गैरसोय होते. एकाच जागी तापणारी सीट भाजू शकते आणि पेटूही शकते, म्हणून पुढचं सगळं काम हा फरक लक्षात ठेवून करायचं आहे.

आता लक्षणांकडे वळू. जुन्या गाड्यांतली ही व्यवस्था साधी असते आणि म्हणूनच ती दुरुस्त होते. कॅडिलॅकने 1966 मध्ये तापणाऱ्या सीटा पर्याय म्हणून द्यायला सुरुवात केली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला साब या स्वीडिश कंपनीने चालकाची तापणारी सीट आपल्या गाड्यांत नेहमीचीच केली. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. एक लांब, बारीक तार कापडाच्या तुकड्यावर नागमोडी शिवलेली किंवा चिकटवलेली असते. असा एक पॅड गादीत, एक पाठीत. तापमान आवरायला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून करंट तोडणारा स्विच) किंवा सेन्सर, आणि पुढे एक बटण. एका सीटचा हीटर साधारण 50 ते 100 वॅटचा असतो, म्हणजे 12 व्होल्टवर अंदाजे 4 ते 8 अँपिअर घेतो.

‘कमी’ आणि ‘जास्त’ असे दोनच टप्पे असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत एक सोपी युक्ती वापरलेली असते. ‘जास्त’वर गादी आणि पाठ समांतर जोडली जातात, ‘कमी’वर एकामागोमाग. समजा दोन्ही पॅडचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, प्रत्येकी 4 ओम आहे. समांतर जोडले की प्रत्येकातून 3 अँपिअर वाहतो आणि मिळून 72 वॅट उष्णता मिळते. एकामागोमाग जोडले की 8 ओम झाले, करंट दीड अँपिअरवर आला आणि उष्णता 18 वॅटवर, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. आता गादीतली तार तुटली आहे असं धरा. ‘जास्त’वर पाठीचा मार्ग स्वतंत्र असल्यामुळे पाठ गरम होत राहील. ‘कमी’वर करंटला गादीतूनच पाठीकडे जायचं असतं, म्हणून दोन्ही बंद. तुमची लक्षणं अशीच आहेत. म्हणजे फ्यूज ठीक, बटण ठीक, सीटपर्यंत येणारी वायरिंग ठीक. दोष गादीच्या पॅडमध्ये किंवा त्या पॅडपासून सीटखालच्या प्लगपर्यंतच्या तुकड्यात आहे. पूर्ण सीट बदलण्याचं कारण मला यात कुठेही दिसत नाही.

ज्यांची लक्षणं वेगळी आहेत त्यांच्यासाठी थोडं इथेच. दोन्ही सीटा एकदम बंद पडल्या असतील तर सीट उघडायचा विचारही नको. सामाईक फ्यूज, रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॉडीला अर्थ जोडणारा बोल्ट, हे आधी पाहा. एकच सीट बंद असेल आणि दोन्ही बटणं सारखी असतील, तर डावं-उजवं बदलून बघा. दोष बटणाबरोबर पलीकडे गेला तर काम तिथेच संपलं. सीट मागे सरकवली की चालते आणि पुढे घेतली की बंद होते, असं असेल तर सीटखालची वायर रेलमध्ये अडकून पिचलेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी. बटण दाबल्यावर दिवा काही सेकंद लागून आपोआप विझत असेल, तर तुमच्या गाडीत कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे हीटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आहे आणि त्याला पॅडचा किंवा सेन्सरचा मार्ग तुटलेला दिसतो आहे. मॉड्यूल बिघडलं असं समजून ते बदलू नका, बहुतेक वेळा ते आपलं काम बरोबर करत असतं. आणि काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय किंवा बॅटरीचा व्होल्टेज पुरेसा असल्याशिवाय सीट हीटर सुरूच होत नाही. नुसती चावी फिरवून तपासणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावं.

आता मोजणीकडे. तुमच्याकडे साधा मल्टिमीटर असला की पुरे. मात्र सीटखाली हात घालण्याआधी एअरबॅगचं पाहायला हवं. 20 वर्षांच्या गाडीत सीटच्या कडेला एअरबॅग असू शकते, आणि सीटबेल्टचा प्रीटेन्शनरही (अपघातात पट्टा झटक्यात आवळणारा भाग) सीटला जोडलेला असू शकतो. त्यांचे प्लग सहसा पिवळे असतात. सीट इलेक्ट्रिक असेल तर आधी ती अशा जागी सरकवा की बोल्ट दिसतील. मग चावी बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तितकी वेळ थांबा. तो आकडा मिळाला नाही तर निदान 10-15 मिनिटं तरी थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही काही काळ चार्ज शिल्लक असतो. पिवळ्या प्लगला मीटरच्या पिना कधीही लावू नका. मीटर रेझिस्टन्स मोजण्यासाठी स्वतःचा बारीक करंट सोडतो आणि एअरबॅगच्या स्फोटकाला तेवढाही करंट देण्याचा धोका आपण पत्करायचा नाही. आणि पिवळा प्लग सुटलेला असताना चावी फिरवायची नाही. फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅन टूल लावूनच घालवावा लागतो. बॅटरी काढल्यावर रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

मग हीटरचा प्लग सोडवा. त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहा. प्लास्टिक तपकिरी पडलंय का, पिन काळी किंवा हिरवट झालीय का, एखादी वायर टोकाशी कडक झालीय का? सीटखाली ओल येते, वाळू येते, सांडलेला चहा येतो, आणि हा प्लग तिथेच असतो. पिनेवर फक्त 0.2 ओमचा कच्चा जोड झाला आणि त्यातून 5 अँपिअर वाहिले, तर 1 व्होल्ट तिथेच जातो आणि 5 वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनेत तयार होते. प्लास्टिक वितळायला ती भरपूर आहे. अशी पिन नुसता क्लीनर मारून सुधारत नाही. ती कापून नवी पिन क्रिंप करून, म्हणजे पकडीने वायरवर दाबून, बसवावी लागते. तुमचा दोष इथेच निघाला तर नशीबवान आहात, सीट काढायची गरजच नाही.

प्लग चांगला असेल तर गादीच्या पॅडच्या दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. मीटर 200 ओमच्या रेंजवर घ्या आणि आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून बघा. तिथे 0.3 ओम दिसत असेल तर तेवढे प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचे, कारण आपण मोजतोय ते आकडेच लहान आहेत. चांगला पॅड साधारण 2 ते 5 ओमच्या आसपास दाखवतो. तुटलेला असेल तर स्क्रीनवर ओएल किंवा डावीकडे नुसता 1 दिसेल. तुमच्या गाडीचा नेमका आकडा शोधत बसण्यापेक्षा शेजारच्या चालू सीटचा पॅड तसाच मोजा. तोच मॉडेल, तेच वय, तोच पुरवठादार. याहून चांगली तुलना मिळणार नाही. मोजताना सीट गार असू द्या. उन्हात तापलेल्या गाडीत थर्मोस्टॅट आधीच उघडलेला असू शकतो आणि मग चांगला पॅडही तुटलेला भासतो.

मॉड्यूल असलेल्या गाड्यांत पॅडबरोबर एनटीसी सेन्सरच्या (ऊब वाढली की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो अशा तापमान सेन्सरच्या) दोन बारीक तारा असतात. त्या हजारो ओम दाखवतात आणि हाताची ऊब लागली की आकडा उतरतो. तसा उतरला तर सेन्सर जिवंत आहे. सेन्सर तुटला तर मॉड्यूल हीटर बंद ठेवतं. तो शॉर्ट झाला किंवा पॅडपासून सुटून फोममध्ये खोल गेला तर काय होतं हे प्रत्येक रचनेत वेगळं असतं, म्हणून सेन्सर मूळ जागी आणि पॅडला टेकून आहे ना, हे सीट उघडल्यावर नक्की पाहा.

आता मीटर जोडलेलाच राहू द्या आणि गादीवर अंगठ्याने किंवा गुडघ्याने जागोजागी दाबा. तुमच्या सीटची टोकं अजून टेकत असल्यामुळे कुठेतरी दाबल्यावर ओएल जाऊन आकडा क्षणभर उमटेल. ती जागा बाहेरून खडूने किंवा कागदी टेपने खूण करून ठेवा. बहुतेक वेळा ही जागा दाराच्या बाजूच्या उंच कडेजवळ निघते, कारण आत-बाहेर करताना सगळं वजन तिथे पडतं आणि तार त्याच ठिकाणी रोज वाकते. दुसरी नेहमीची जागा म्हणजे गादीच्या मधोमध, जिथे मागच्या सीटवरची वस्तू घ्यायला लोक गुडघा टेकतात. एका गुडघ्यावर आलेलं वजन बसण्याच्या वजनापेक्षा फार लहान जागेत पडतं आणि ते या तारेला सोसत नाही. तिसरी जागा पॅडच्या मागच्या टोकाला, जिथे जाड वायर बारीक तारेला जोडलेली असते. दोष तिथे असेल तर दुरुस्ती सगळ्यात टिकाऊ होते.

सीट काढणं हे ताकदीचं काम आहे, त्यात अवघड काही नाही. चार बोल्ट असतात, सहसा दोन पुढे आणि दोन मागे. ते घट्ट असतात आणि बऱ्याच गाड्यांत टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या, डोक्याचे असतात, तेव्हा योग्य मापाचा बिट वापरा. गोल झालेलं डोकं काढायला हीटरपेक्षा जास्त वेळ जातो. हेडरेस्ट आधी काढा, दाराच्या चौकटीवर जुनं पांघरूण टाका आणि दोघांनी मिळून सीट बाहेर घ्या. रेलच्या टोकांना धार असते, ती रंग खरवडते.

कव्हर उतरवताना घाई झाली की नुकसान होतं. गादीखाली कव्हरच्या कडेला प्लास्टिकच्या लांब पट्ट्या असतात, त्या लोखंडी चौकटीच्या ओठावर अडकवलेल्या असतात. त्या आत ढकलून सोडवायच्या. मग कव्हर वर उलटत गेलात की शिवणीच्या खाचेत धातूच्या कड्या दिसतील. यांना हॉग रिंग म्हणतात. त्या कव्हरमधली तार आणि फोममधली तार एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे सीटला ती खोल रेघ येते. या कड्या कटरने कापा, पकडीने ओढू नका. ओढलं की फोममधली तारच उपटून येते. प्रत्येक कापलेली कडी उचलून डब्यात टाका, कारण फोममध्ये राहिलेला एक टोकदार तुकडा पुढे नव्या पॅडमध्ये घुसू शकतो. आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा.

पॅड फोमवर चिकटवलेला असेल तर तो दिसेल. काही गाड्यांत तो कव्हरच्या आतल्या बाजूलाच शिवलेला असतो, मग त्याला वेगळं करायला जाऊ नका, आहे तिथेच दुरुस्ती करा. फोमवर घट्ट चिकटलेला पॅड ओढला की फोमचे लचके निघतात, तेव्हा तुटलेल्या जागेच्या आजूबाजूचाच भाग हळूहळू सोडवा.

खूण केलेल्या जागी करपलेला डाग दिसला तर शोध संपला. दिसला नाही तर बारीक सुई मीटरच्या पिनेला लावून तारेचं आवरण टोचा आणि अर्ध्यावर मोजा. एका टोकापासून मध्यापर्यंत रीडिंग येत असेल तर तो अर्धा भाग चांगला. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य घ्या. असं चार-पाच वेळा केलं की बोटभर अंतरात दोष सापडतो. काही पॅडमध्ये एका तारेऐवजी अनेक तारा समांतर असतात. तिथे एखादी तुटली तरी पॅड पूर्ण बंद पडत नाही, फक्त रेझिस्टन्स वाढतो आणि एक पट्टा गार राहतो.

जोड देण्याबद्दल माझं मत ठाम आहे, सोल्डर वापरू नका. हीटरची तार निकेल-क्रोमियमची असेल तर साधं सोल्डर तिला धरतच नाही, फक्त वरून गोळा बसतो. तार तांब्याच्या मिश्रधातूची असेल तर सोल्डर धरतं, पण ते बारीक तंतूंमधून पुढे झिरपतं आणि तेवढा भाग कडक करून टाकतं. मग पुढच्या वेळी तार त्या कडक भागाच्या टोकालाच तुटते. त्याऐवजी दोन्ही टोकांचं आवरण थोडंसं काढा, ती एकमेकांवर चढवून तांब्याच्या लहान नळीत घाला आणि ती नळी चांगल्या क्रिंपिंग पकडीने दाबा. जोडाला ओढून बघा, हलता कामा नये. वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि तो जोड पॅडच्या कापडाला शिवून टाका, म्हणजे ताण तारेवर न येता कापडावर येईल. जोडासाठी तार अपुरी पडत असेल तर शेजारची दोन-तीन टाक्यांची शिवण उसवून थोडी ढील घ्या. ताणून जोडलेली तार पहिल्याच बसण्यात तुटेल. तयार जोड सीटच्या सर्वांत जास्त दबणाऱ्या भागात येत असेल तर तो किंचित बाजूला वळवता येतो का तेही पाहा.

एक उपाय मात्र कोणीही सुचवला तरी करायचा नाही. तो म्हणजे तुटलेला भाग वगळून तारेची दोन वळणं साध्या वायरने जोडून टाकणं. हीटर चालतो, म्हणून हा उपाय लोकांना पटतो. पण तारेची लांबी 10 टक्क्यांनी कमी झाली तर रेझिस्टन्स तितकाच कमी होतो, करंट सुमारे 11 टक्के वाढतो आणि उरलेल्या तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरवरची उष्णता सुमारे 23 टक्क्यांनी वाढते. कारखान्याने ती तार ज्या हिशेबाने बनवली तो हिशेबच मोडतो. दुरुस्तीनंतरचं रीडिंग चालू सीटच्या पॅडपेक्षा स्पष्टपणे कमी आलं, तर कुठेतरी वळण शॉर्ट झालंय असं समजा आणि तो पॅड वापरू नका. त्याच कारणासाठी मोठा फ्यूजही नको.

मग जोड द्यायचा की नवा पॅड घालायचा? तुटणं एकाच जागी असेल, आसपासची तार लवचिक असेल, कापड करपलेलं नसेल, तर जोड द्या. जाड वायरच्या जोडाशी तुटलं असेल तर निःशंक द्या. पण फोम तपकिरी होऊन कडक पडला असेल, तार वाकवल्यावर कुरकुरत असेल, किंवा जवळपास दुसरी जागाही पिचलेली दिसत असेल, तर तो पॅड संपलेला आहे. तार वाकून वाकून थकली की एकाच ठिकाणी थकत नाही, तिच्या शेजारचा भागही तितक्याच वेळा वाकलेला असतो. एवढी सीट उघडली आहे आणि मूळ पॅड मिळतो आहे, तर मी स्वतः नवाच घालेन. भंगारातल्या गाडीचा पॅड घेणार असाल तर घेण्याआधी मीटर लावून, दाबून, वाकवून पाहा. तोही तुमच्याच पॅडच्या वयाचा आहे.

मूळ पॅड मिळत नसेल तर कार्बन फायबरचे सर्व गाड्यांना चालणारे किट मिळतात. ते चांगलं काम देतात, एका अटीवर. त्यांना त्यांच्याच बटणाने, रिलेने आणि थर्मोस्टॅटने चालवा. जुन्या गाडीच्या मॉड्यूलला ते जोडू नका, कारण मॉड्यूल ज्या रेझिस्टन्सची आणि सेन्सरची अपेक्षा करतं ते या किटचे नसतात. करंट चावी चालू असतानाच मिळेल असा घ्या आणि फ्यूज उगमाच्या जवळ बसवा. असे काही पॅड कात्रीने ठरावीक रेषेवर कापता येतात, पण बनवणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच. तारेचा पॅड कधीच कापायचा नाही. पॅड शिवणीच्या खाचेवरून नेताना ताणून बसवू नका, घडीही पडू देऊ नका. घडी पडली की तिथे उष्णता दुप्पट साठते.

कव्हर चढवण्याआधी चाचणी घ्या. पॅड सपाट पसरलेला हवा, गुंडाळलेला नको. सुट्या 12 व्होल्ट बॅटरीवरून, मध्ये 10 अँपिअरचा फ्यूज घालून करंट द्या आणि तिथून हलू नका. काही मिनिटांत पूर्ण पॅडवर हात फिरवा. ऊब सगळीकडे सारखी लागली पाहिजे. जोडावर बोट ठेवा, तो शेजारच्या तारेपेक्षा गरम लागत असेल तर जोड कच्चा आहे, पुन्हा करा. थर्मोस्टॅट आपोआप उघडतो का तेही इथेच कळतं. तो उघडतच नसेल तर सीट कितीही छान गरम होत असली तरी ती गाडीत बसवायची नाही.

याबाबतीत मी आग्रही आहे, कारण भाजण्यासाठी फार तापमान लागत नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की त्वचेवर 44 अंश सेल्सिअस सुमारे 6 तास राहिले तर कायमची इजा होते, आणि 60 अंशांना काही सेकंद पुरतात. निरोगी माणूस चटका बसताच उठतो. मधुमेहामुळे पाय-मांडीची संवेदना कमी झालेल्या, मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली काही न जाणवणाऱ्या माणसाला तो चटका कळतच नाही. तुमच्या घरात असं कोणी त्या सीटवर बसत असेल तर जोड दिलेला पॅड नको, नवाच घाला, आणि तरीही त्यांच्यासाठी हीटर बंदच ठेवा. लहान मुलाची सीट ठेवलेली असेल तेव्हाही तसंच.

परत बसवणी उलट क्रमाने. कव्हर चामड्याचं असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडलं की सहज ओढता येतं. कापलेल्या कड्यांच्या जागी नव्या हॉग रिंग घाला. त्यासाठी वेगळी पकड मिळते. प्लास्टिकचे केबल टायही चालतात, पण त्यांची कापलेली टोकं खालच्या बाजूला वळवा आणि पॅडच्या तारेवर येऊ देऊ नका. बोल्ट हाताने दोन-तीन आटे बसेपर्यंत पाना लावू नका, मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा. अपघातात सीट जागेवर धरून ठेवायचं काम याच बोल्टचं आहे. सगळे प्लग लागल्याची खात्री झाल्यावरच बॅटरी जोडा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा लागून विझला पाहिजे. मग हीटर लावून गाडी उभी असतानाच त्यावर बसा, डावीकडे-उजवीकडे रेला, आत-बाहेर करा. ‘कमी’वर दोन्ही भाग मंद गरम झाले तर गादीचा मार्ग जोडला गेला आहे.

उद्या शेजारच्या सीटचा हीटर बंद पडला तर हेच सगळं तिथे जसंच्या तसं करू नका. बऱ्याच गाड्यांत त्या गादीत बसणाऱ्याचं वजन ओळखणारा सेन्सर असतो आणि त्यावरून समोरची एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. काही गाड्यांत गादीचा फोम, सेन्सर आणि त्याचं मॉड्यूल एकत्रच जुळवलेले असतात. मधे एक वेगळा पॅड आला, फोम बदलला, तर ती मोजणी बिघडू शकते. तिथे प्लग तपासण्यापर्यंत आणि पॅडचा रेझिस्टन्स मोजण्यापर्यंत स्वतः जा, गादी उघडायची वेळ आली तर मॅन्युअलमध्ये त्या सेन्सरबद्दल काय लिहिलंय ते वाचून मगच ठरवा.